बोरपोडच्या भिंती

कामाचे अनुभव लिहावेत ते निवृत्त माणसांनी, हे मला कळते. माझे तर अजून शिक्षणच चालू आहे. आमच्या बंजारा तांड्यातून माझ्या आधी कॉलेजात कोणी गेले नाही. घरी आम्ही गोरबोली बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो, आणि ती लिहिताना अजूनही वाक्य संपले की मागे वळून पाहावेसे वाटते. या अंकासाठी 'कामाच्या आठवणी' मागितल्या गेल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे काम ते काय, तर सुट्ट्यांमध्ये हिवताप खात्याच्या डीडीटी फवारणाऱ्या टोळीत पंप मारणे. पण गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अभ्यासाला बसलो की तीच समोर येते. तिच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. चुकेल ते जाणत्यांनी पोटात घालावे.

मॅट्रिकचे पेपर दिले त्या उन्हाळ्यात, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, मी टोळीत लागलो. काम बाहेरून सोपे दिसते. बादलीत पावडर कालवायची, फडक्यातून गाळायची, बादलीत पंप उभा करायचा. एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने लांब नळी धरून भिंतीवर फवारा सोडायचा. डास माणसाचे रक्त पिऊन जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो. भिंतीवर पावडर असेल तर तिथेच मरतो, आणि एकाचा ताप दुसऱ्याला पोचत नाही. एवढेच शास्त्र. पण त्यासाठी घर आधी रिकामे करावे लागते. गाडगी-मडकी, वाकळा, कणगी, पाळणा, सगळे अंगणात. दाराच्या डाव्या बाजूने सुरुवात करून पूर्ण घर फिरून पुन्हा दाराशी यायचे. भिंत ओली व्हावी पण ओघळ येऊ नये. नळीचे तोंड तुंबले तर काडीने साफ करायचे, तोंडाने फुंकायचे नाही. शेवटी दाराबाहेर भिंतीवर खूण करायची, म्हणजे हे घर झाले.

आमचे मुकादम बशीरभाई ढाणकीचे. आधी सायकली आणि ऑइल इंजिने दुरुस्त करायचे. उंच, काटक, पान खाऊन लाल झालेले दात. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्या वर्षी "मॅट्रिक" म्हणायचे, नंतर "कॉलेज". भिंत वाळली की ते मागून येत आणि दारामागे, गोठ्यात, गव्हाणीच्या खाली, कोणी पाहणार नाही अशा जागी तळहात फिरवीत. तळहात पांढरा झाला तर पुढे चालू लागत. नाही झाला तर पंप परत आत नेऊन ठेवीत. मग पुन्हा सगळे घर बाहेर.

टोळीतला पांडुरंग, आम्ही त्याला पांडू म्हणायचो, एकदा वैतागून म्हणाला, "भाई, गव्हाणीखाली मच्छर कायले जाऊन राह्यला? त्याले काय बैल पुजायचा हाय?"

"तू गेलता का पाहाले?"

"नाई."

"मंग? मच्छर तुले इचारून बसते का, पांडू? उठ. मार दांडा."

गिऱ्हाईक शब्द बरोबर नाही, पण आमच्याकडेही नाना तऱ्हेचे लोक असत. एका गावच्या पाटलांनी घराचे दार उघडलेच नाही. अंगणात बाज टाकली आणि म्हणाले, "घर राहू द्या. हे ढेकूण तेवढे मारा, झोपू देत नाहीत." बशीरभाईंनी बाज फवारली आणि मग तिच्यावरच बसून राहिले. "पाटीलसाहेब, बाज ओली हाय. वाळेपर्यंत मी बसतो, तवर पोरं आतलं आटपून घेतात." पाटील हसले आणि दार उघडले. एका म्हातारीने तिची मांजर मेली म्हणून आम्हाला वर्षभर शिव्या दिल्या, आणि पुढच्या खेपेला आम्ही तिचे घर चुकून शेवटी ठेवले तर त्यावरूनही दिल्या.

सगळ्यांत मोठा झगडा होता सारवणाशी. फवाऱ्याने भिंतीवर पांढुरके डाग पडतात. आमच्या भागात सणाच्या आधी घर पोतारले, म्हणजे मातीने सारवले, नाही तर बाई लोकांत मान वर करून चालू शकत नाही. आणि वरून मातीचा हात फिरला की पावडर गाडली जाते. घाण म्हणून नव्हे, घर चांगले दिसावे म्हणून बाया आमचे काम पुसून टाकीत.

माझ्याच घरी हे झाले. आमच्या तांड्यावर फवारणी करून आम्ही पुढच्या गावाला गेलो, आणि परतताना बशीरभाई सहज डोकावले. माझ्या याडीने, म्हणजे आईने, भिंती शेणामातीने अशा सारवल्या होत्या की बोटाचा ठसा दिसत नव्हता. पांढऱ्या मातीची वेल काढली होती, दाराच्या दोन्ही बाजूंना सारखी. बशीरभाईंनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "माय, हे घर परत काढा लागते."

याडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हातातल्या बांगड्या, आमचे बलोये, खणखणल्या. "तू माह्या पोराचा मुकादम असशील. माह्या भिंतीचा मुकादम मी हावो."

"माय, आत मच्छर..."

"मच्छरानं माह्या घराले नाव ठेवलं का? पाव्हणे येतीन तवा ते डाग तू येऊन झाकशील?"

मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. बशीरभाई ती वेल पाहत राहिले. मग म्हणाले, "हात लय साफ हाय तुमचा. माझ्या पोरांपैकी एकाचाबी असा नाई." याडी थोडी नरमली. शेवटी तडजोड निघाली की दाराच्या बाहेरची बाजू तिची आणि आतली खात्याची. आम्ही घर पुन्हा फवारले. नंतर याडीने त्यांना बाटी आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि ते घामाघूम होईपर्यंत जेवले. आम्ही निघताना ती मला आमच्या बोलीत म्हणाली की माणूस खवचट आहे, पण काम अर्धे टाकणारा नाही. तिच्या तोंडून एवढी स्तुती मी अजून माझ्याविषयी ऐकलेली नाही.

आता बोरपोडविषयी. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. केळापूरच्या बाजूला, जंगलात, नाल्याच्या पलीकडे हे पोड होते. मध्ये चावडी, भोवती कुडाची घरे. बैलगाडी नाल्यापर्यंत जायची. पुढे डबे डोक्यावर घेऊन चालायचे. पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा उन्हाने पाय भाजत होते. पोडाचे नाईक लेतू, बोलायला सावकाश, प्रत्येक गोष्टीवर आधी मान हलवायचे. त्यांनी घरे उघडून दिली. पण भीमाबाई नावाची एक तरुण बाई दारातून हलेना. तिची दोन लेकरे तापाने गेली होती. तिसरी, तानी, कडेवर होती. पोट फुगलेले, डोळे पिवळट. भीमाबाईला वाटत होते, दवा मारणारे आले म्हणजे आणखी काहीतरी न्यायला आले.

बशीरभाई तिच्या अंगणात उकिडवे बसले. "बाई, तुह्या पोरीले ताप देणारा इथं, या भिंतीवर बसते. मी त्याले माराले आलो. तुह्याकडून एकच काम पाह्यजे. पोतारायचं नाई. आम्ही परत येऊन दवा मारत नाई, तवर मातीचा हात लावायचा नाई."

"सणाले?"

"सणालेबी नाई."

तिने तानीला दुसऱ्या कडेवर घेतले. मग म्हणाली, "आन् तुमी नाई आले तं?"

"येतो. मी या कामावर हावो तवर तुही भिंत खाली राहणार नाई."

त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी आम्ही गेलो. तानीचे पोट उतरले. ती अंगणात धावू लागली, आमच्या बादलीत हात घालायला लागली आणि बशीरभाईंच्या शिव्या खाऊ लागली. पोडात ताप थांबला होता. मला तोपर्यंत या कामाचा अभिमान वाटायला लागला होता. हे सांगायला संकोच वाटतो, पण खरे आहे. कॉलेजात माझी मराठी ऐकून मुले हसायची, तेव्हा मी मनात त्या भिंती मोजून पाहायचो.

मग जीप आली. जीपला मी दोष देत नाही. ज्यांनी डोक्यावरून डबे वाहिले आहेत त्यांनी जीपला नावे ठेवू नयेत. पण जीप नाल्यापाशी थांबायची, आणि हळूहळू आमचे कामही तिथेच थांबू लागले. नवे साहेब आले होते. ते वाईट नव्हते, सभ्य होते, आम्हाला "तुम्ही" म्हणायचे. त्यांना फक्त किती घरे झाली ते हवे होते. पूर्वी बशीरभाई विचारायचे, "कशी झाली?" आता विचारले जाऊ लागले, "झाली का?" या दोन प्रश्नांत किती अंतर आहे ते मला तेव्हा समजले नाही.

तिसऱ्या वर्षी बोरपोडचे काम पांडूच्या जोडीकडे होते. संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, झाले. बशीरभाईंनी त्यांच्या कपड्यांकडे पाहिले. पोडाचे काम करून येणारा माणूस पांढरा झालेला असतो. पांडूचा सदरा स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाई मला घेऊन चालत गेले. प्रत्येक दाराबाहेर खूण होती, आणि तिच्याभोवती दर्शनी भिंतीवर फवारा. आत काहीच नाही. लेतू नाईकांनी सांगितले, "पोरं थकली व्हती. म्हनाली, यंदा भायेरूनच मारायची हाय."

परत आल्यावर बशीरभाई पांडूवर ओरडतील असे मला वाटले. ते ओरडले नाहीत. पांडूच ओरडला. "भाई, तुमी जुने लोकं! नाल्यापलीकडं डबे वाहून वाहून माह्या मानेचा दांडा झाला. आन् कोनासाठी? त्याईले तरी समजते का आत मारली का भायेर?"

"तुले समजते ना?"

"मले समजून काय होते?"

"बस. तेवढंच होते," बशीरभाई म्हणाले.

त्यांनी ते पोड झाले असे मान्य करायला नकार दिला. साहेबांनी समजावले की पाऊस तोंडावर आहे, आकडा वरच्या कचेरीत कळवला आहे, आता मागे फिरता येणार नाही. बशीरभाईंनी दोन पंप उचलले आणि मी, ते आणि आणखी एक जण नाल्यापलीकडे गेलो. पूर्ण पोड आतून फवारले. पांडू आला नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही परतलो, आणि काही दिवसांनी बशीरभाईंची बदली गोदामावर झाली. पावडरचे डबे मोजून द्यायचे, खुर्चीवर बसून. त्यांच्या वयाला हे बरे, असे सगळे म्हणाले.

मी त्या दिवसांत त्यांना एकदा विचारले की आपले जुने लोक एवढे सोसायचे, आता कोणी का सोसत नाही. माझ्या मनात तेव्हा तेच घोळत होते. आमच्या हॉस्टेलात डाळ पातळ झाली म्हणून मुलांनी ताटे वाजवली होती, आणि ताट वाजवणाऱ्यांत मीही होतो. बशीरभाई म्हणाले, "सोसनं कायचं घेऊन बसला, कॉलेज? बोरपोडवाल्यायनं काय कमी सोसलं? पोरं मेली, गुमान सोसलं. त्याचं काय लोणचं घालायचं? सहना अलग, निभाना अलग."

तेव्हापासून मी सोसणे आणि निभावणे या दोन शब्दांवर विचार करतो आहे. आपल्याकडे मोठी माणसे म्हणतात की पूर्वीची पिढी कणखर होती. होती असेल. पण त्यातले किती नाइलाजाने होते आणि किती स्वतःच्या मनाने, हे कोणी सांगत नाही. नाइलाज कमी झाला ही चांगलीच गोष्ट. माझी भीती वेगळी आहे. नाइलाजाबरोबर ते दुसरेही गेले तर? कोणी पाहत नसताना गव्हाणीखाली हात फिरवणे, किंवा दाराच्या दोन्ही बाजूंची वेल सारखी येईपर्यंत पुसून पुन्हा काढणे. हे नाइलाजाने कोणी करीत नाही. ते आमच्या पिढीत कशातून यावे? मी शिकलो, म्हणून आपोआप येईल, असे मला वाटत नाही. पांडूही सातवी पास आहे.

पुढल्या वर्षी त्या भागातली फवारणी बंद झाली. ताप उरला नाही, असा निष्कर्ष निघाला होता. तापाचा शोध घ्यायला माणसे गावोगाव फिरून बोट टोचत आणि रक्ताचा थेंब काचेवर घेत. त्या काचांत काही सापडले नव्हते. मला सुट्टीत काम मिळाले नाही. केळापूरकडे एका तांड्यावर नातलगाचे लग्न होते, तिथे गेलो, आणि लग्न आटोपल्यावर पाय आपोआप बोरपोडकडे वळले.

भीमाबाईच्या घराच्या भिंती भेगाळल्या होत्या. कुडाच्या काड्या दिसत होत्या. शेजारची घरे पोतारलेली, तिचेच असे. तिने मला ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला, "मुकादम कुठं हाय?"

मी म्हणालो, "ते आता गोदामात असतात."

"मी हात नाई लावला," ती भिंतीकडे दाखवून म्हणाली. "सण गेले. सासू बोलली. हात नाई लावला. दवा कधी मारता?"

आत तानी वाकळेखाली कुडकुडत होती. बाहेर ऊन रणरणत होते.

लेतू नाईकांना मी काचेविषयी विचारले. ते म्हणाले, वर्षभरात पोडात कोणी बोट टोचले नाही. रक्त घेणारा एक पोरगा नाल्यापर्यंत येतो, अलीकडच्या गावात चहा पितो आणि जातो. मग पोडाच्या नावाच्या काचांवर रक्त कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही. मला मात्र समजले. एकाच बोटाचे रक्त हव्या तेवढ्या काचांवर लागते.

मी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, कशा द्यायच्या ते भीमाबाईला समजावले. तानीचा ताप उतरला. पण गोळी तापावर असते, भिंतीवर बसणाऱ्या डासावर नाही. मी गोदामात बशीरभाईंकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, हातातला डबा खाली ठेवला आणि चपला घालून सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर होतो.

साहेब म्हणाले, "बशीरभाई, काचा स्वच्छ आहेत."

"साहेब, काचा स्वच्छ हायेत. पोरगी तापली हाय."

"मी एका पोडासाठी टोळी कशी काढू? वर काय सांगू?"

"सांगा, आमच्या मानसानं खोटं केलं."

आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले की पाहतो, पावडर मंजूर करून घेतो, पोळ्याच्या आत टोळी पाठवतो. मला वाटते त्यांनी ते मनापासूनच म्हटले होते. बशीरभाई बाहेर आले आणि मला म्हणाले, "तू जा कॉलेजले. माझी नजर हाय." कॉलेज उघडले होते. मी गेलो.

पोळा झाला. निरोप नाही. मी वर्गात बसायचो आणि फळ्यावरचे काही दिसायचे नाही. एका मित्राला ही हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "तू तुझ्याकडून केलंस ना, आता सोड." तो चांगला मुलगा आहे. पण 'आता सोड' हे किती सहज म्हणता येते, याचेच मला तेव्हा नवल वाटले, आणि अजून वाटते. मी तिथे थांबलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब लागत नाही. बहुधा काहीच नसते झाले. तरी तो मनात चालू राहतो.

गणपती उठले, नवरात्र जवळ आले. एके दुपारी ढाणकीकडचा एक कंडक्टर मला शोधत हॉस्टेलवर आला. बशीरभाईंनी त्याच्यापाशी तोंडी निरोप दिला होता आणि तो विसरू नये म्हणून त्याने वाटेत बऱ्याचदा घोकला असावा, कारण दारातच उभा राहून त्याने तो एका दमात म्हणून टाकला:

"बशीरभाईनं सांगितलं, कॉलेजले सांग, बोरपोड झालं. सगळी घरं, आतून. नळी मी सोता धरली. पांडू आलता, बोलावल्याबिगर, डबे त्यानंच नेले. तानी गेली. आमी पोचलो त्याच्या आदल्या बजाराच्या दिवशी. तिच्या मायनं घर खाली करून दिलं."